‘होतं’ म्हणजे ‘हॅड’ नव्हे

प्रश्न थोडक्यात असा. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर असलेले गृहस्थ विचारतात: मराठी माध्यमातून शिकलो, बारा टेन्सचा तक्ता तीनदा पाठ केला, तरी मेल लिहायला बसलं की हात अडतो. परवा परदेशातल्या कस्टमरला लिहिलं, ‘द मशीन हॅड स्टॉप्ड यस्टर्डे’. समोरून दोनच शब्द आले, ‘बिफोर व्हॉट?’ मशीन बंद पडलं होतं म्हणून मी ‘हॅड’ लिहिलं, यात चुकलं काय? आणि या वयात, म्हणजे चौतिसाव्या वर्षी, टेन्स शिकायचे तर सुरुवात कुठून करू? क्लास लावू का?

क्लासचं शेवटी सांगते. आधी त्या दोन शब्दांकडे बघू, कारण तुमच्या कस्टमरने नकळत तुम्हाला अख्ख्या पास्ट परफेक्टचा, म्हणजे ‘हॅड’वाल्या काळाचा, नियम पाठवून दिलाय.

मी नाशिकमध्ये २६ वर्षं इंग्रजी शिकवते आहे. कॉलेज रोडची मुलं शिकवली, हॉस्पिटलातल्या सिस्टर शिकवल्या, निफाडहून द्राक्षं परदेशी पाठवणारे बागायतदार शिकवले. ‘हॅड’ची ही चूक त्या सगळ्यांनी केली, आणि सगळ्यांनी ती शुद्ध मराठी येत असल्यामुळे केली.

मराठीत बघा. ‘रविवारी आम्ही वणीला गेलो’ असं म्हणून तुम्ही थांबलात, तर समोरचा तुमच्या तोंडाकडे बघत राहतो. मग? गर्दी होती का? दर्शन झालं का? वाक्य लटकलेलं वाटतं, कारण ‘गेलो’ने गोष्ट सुरू होते. ‘रविवारी आम्ही वणीला गेलो होतो’ म्हटलं की त्याचं समाधान होतं. गेलो, परत आलो, विषय मिटला. म्हणजे आपला ‘होतो’ वाक्याला कडी लावतो.

इंग्रजीत बरोबर उलटं. ‘वुई वेंट टू वणी ऑन संडे’ हे पूर्ण वाक्य, कडी लागलेली. ‘वुई हॅड गॉन टू वणी’ म्हटलंत की इंग्रज माणूस कान टवकारून बसतो: बरं, तुम्ही वणीला गेलेले होता, तेवढ्यात काय झालं? घरी चोरी झाली? पाहुणे आले? ‘हॅड’ ऐकला की त्याला भूतकाळातली दुसरी घटना हवी असते, जिच्या आधी ही पहिली घडून गेली होती. ती तुम्ही दिली नाहीत, म्हणून त्याने विचारलं, ‘बिफोर व्हॉट?’

तेव्हा ‘हॅड’ लिहिण्याआधी स्वतःला तोच प्रश्न मराठीत विचारा: कशाच्या आधी? ‘मी सीबीएस बसस्टँडला पोचलो तोवर बस सुटली होती.’ बस कशाच्या आधी सुटली? मी पोचण्याच्या आधी. उत्तर मिळालं, ‘हॅड’ ठेवा: ‘व्हेन आय रीच्ड सीबीएस, द बस हॅड लेफ्ट.’ आता ‘काल मशीन बंद पडलं होतं’. कशाच्या आधी? कशाच्याच नाही, नुसतं काल. ‘हॅड’ काढा: ‘द मशीन स्टॉप्ड यस्टर्डे.’ शाळेतलं ते डॉक्टर येण्याआधी दगावणाऱ्या पेशंटचं वाक्य तुम्हालाही आठवत असेल. पिढ्यानपिढ्या तो बिचारा मरतोय. गंमत म्हणजे त्या वाक्यात ‘बिफोर’ हा शब्द असतोच, त्यामुळे तिथे ‘हॅड’ नसला तरी अर्थ बिघडत नाही. खरी गरज सीबीएसच्या बससारख्या वाक्यात असते. ‘व्हेन आय रीच्ड, द बस लेफ्ट’ म्हटलं तर मी पोचलो आणि बस सुटली, असा अर्थ होतो. म्हणजे पळत जाऊन पकडता आली असती.

हे एवढं जरी बसलं, तरी तुमच्या मेलमधल्या निम्म्या चुका जातील. माझा अंदाज नाही, तुम्ही सोबत पाठवलेल्या सहा मेलमध्ये मी मोजलंय. ‘हॅड’ अकरा वेळा आहे, आणि हवा आहे एकदाच.

आता त्या तक्त्याविषयी. बारा घरांचा तक्ता खोटा नाही, पण तो आपल्याला फसवतो, आणि का फसवतो हे वर्गात कुणी सांगत नाही. मराठी व्याकरणात आपण काय शिकलो? वर्तमान, भूत, भविष्य आणि प्रत्येकाचे चार प्रकार: साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती. तीन चोक बारा. इंग्रजी तक्ता उघडला की तिथेही तीन काळ आणि चार प्रकार: सिंपल, कंटिन्युअस, परफेक्ट आणि परफेक्ट कंटिन्युअस. तीन चोक बारा. मुलांना वाटतं, घर तेच, पाटी फक्त इंग्रजीत. पहिले तीन प्रकार ढोबळपणे जुळतातही. चौथा मात्र मुळीच जुळत नाही. आपला चौथा प्रकार सवय सांगतो: ‘लहानपणी आम्ही गोदावरीत पोहत असू.’ इंग्रजांचा चौथा प्रकार सांगतो की काहीतरी मागे कधीतरी सुरू झालं आणि अजून चालू आहे. त्यांच्या चौथ्या घराला आपल्याकडे घरच नाही, आणि आपल्या ‘पोहत असू’ला त्यांच्या तक्त्यात जागा नाही. त्याच्यासाठी ते ‘यूज्ड टू’ वापरतात: ‘वुई यूज्ड टू स्विम इन द गोदावरी.’ पाठ केलेल्या तक्त्यात हा ‘यूज्ड टू’ तुम्हाला कुठे भेटला होता का?

त्यातून भाषेचे अभ्यासक तर म्हणतात की इंग्रजी क्रियापदाला खरे काळ दोनच आहेत, वर्तमान आणि भूत. ‘गो’चं ‘वेंट’ होतं, पण आपल्या ‘जाईन’सारखं भविष्याचं वेगळं रूप इंग्रजीत नाही, मदतीला ‘विल’ घ्यावा लागतो. बाकी सगळी जुळवाजुळव ‘बी’ आणि ‘हॅव’ जोडून केलेली. आणि आपण मराठी माणसं घाबरतो कुणाला? आपल्याकडे मी गेलो, मी गेले, तू गेलास, तू गेलीस, तो गेला, ती गेली, ते गेलं, आम्ही गेलो, तुम्ही गेलात, त्या गेल्या. इंग्रजीत या सगळ्यांना एकच ‘वेंट’. तोही उसना, ‘वेंड’ नावाच्या जुन्या क्रियापदाकडून घेतलेला. आपण ‘आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, पोहे खाल्ले’ असं खाण्याच्या वस्तूप्रमाणे क्रियापद फिरवतो. ते जमलं, तर ‘एट’ न जमण्याचं कारण नाही.

तुमच्या मेलमध्ये पुढची अडचण दिसते ती ‘आहे’ची. इथे मराठी बरीच मदत करते, पण मध्येच हात सोडते. ‘मी जेवलोय’ म्हणजे ‘आय हॅव इटन’. पोट आता भरलेलं आहे, म्हणून ‘हॅव’. ‘पंप बदलला आहे’ म्हणजे ‘वुई हॅव रिप्लेस्ड द पंप’. जाऊन बघा, नवा पंप आता तिथे बसलेला आहे. इथवर ठीक. पण मराठीत आपण ‘मी काल मेल पाठवला आहे’ असंही बिनदिक्कत म्हणतो, आणि तेच उचलून लिहितो, ‘आय हॅव सेंट द मेल यस्टर्डे’. नाशिकपासून मुंबईपर्यंत ऑफिसांमध्ये हे वाक्य रोज लिहिलं जातं, तुमच्या सहापैकी चार मेलमध्येही आहे. इंग्रजीत ‘हॅव’ आणि ‘यस्टर्डे’ एका ताटात जेवत नाहीत. काल, गेल्या सोमवारी, दोन वाजता, २०१९ साली, असा होऊन गेलेला वेळ सांगितलात की ‘हॅव’ गेला: ‘आय सेंट द मेल यस्टर्डे.’ ‘हॅव’ ठेवायचाच असेल तर वेळ सांगू नका: ‘आय हॅव सेंट द मेल.’

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या रामकुंडापाशी उभं आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर पूर कशावर मोजतात? गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. समजा तुम्ही आत्ता पुलावर उभे आहात आणि पुण्यातल्या भावाला फोनवर सांगताय, ‘पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलंय.’ पाणी अजून तिथेच आहे: ‘द वॉटर हॅज रीच्ड हिज नीज.’ तीच गोष्ट दिवाळीत फराळ करताना सांगितलीत तर पाणी केव्हाच ओसरलेलं आहे, आणि कधीचं ते तुम्ही सांगताय: ‘इन ऑगस्ट द वॉटर रीच्ड हिज नीज.’ घटना तीच, मारुती तोच. फरक एवढाच की बोलताना तुम्हाला पाणी दिसतंय की आठवतंय. दिसत असेल तर ‘हॅज’, आठवत असेल तर साधा भूतकाळ.

माणसांनाही हेच लागू. कुसुमाग्रज नाशिकला राहिले. ते १९९९ मध्ये गेले. म्हणून ‘कुसुमाग्रज लिव्ड इन नाशिक’, ‘हॅज लिव्ड’ नाही. ‘हॅज लिव्ड’ म्हटलं तर ते अजून आहेत असं ऐकू येतं. मात्र सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे आणि आजही उघडतं, तेव्हा त्याच्याबद्दल ‘इट हॅज सर्व्ड नाशिक सिन्स १८४०’ म्हणायला हरकत नाही.

एक बारकावा, जो पुस्तकात एका ओळीत उरकतात. ‘ही हॅज गॉन टू त्र्यंबक’ म्हणजे तो त्र्यंबकला गेलाय, अजून तिकडेच आहे, आत्ता भेटणार नाही. ‘ही हॅज बीन टू त्र्यंबक’ म्हणजे तो त्र्यंबकला जाऊन आलाय. आपला ‘जाऊन आलाय’ किती नेमका आहे बघा. इंग्रजांना तेवढ्यासाठी ‘बीन’ला कामाला लावावं लागतं. कस्टमरला ‘अवर इंजिनीअर हॅज गॉन टू युवर प्लँट’ लिहिलंत आणि इंजिनीअर परवाच परत आलेला असला, तर तो तिकडे त्याला शोधत बसेल.

आता ‘पासून’. वर मी लिहिलं, ‘२६ वर्षं शिकवते आहे’. मराठीत हा सरळ वर्तमानकाळ. तोच इंग्रजीत नेला की ‘आय ॲम टीचिंग सिन्स ट्वेंटी-सिक्स इयर्स’ असं वाक्य होतं, आणि तुमच्या मेलमधलं ‘द ऑइल इज लीकिंग सिन्स लास्ट वीक’ त्याचंच भावंड. तक्त्यातलं चौथं घर ते हेच. मागे सुरू झालं, अजून चालू आहे, आणि किती काळ ते तुम्ही सांगताय: या तीन गोष्टी एकत्र आल्या की ‘हॅव बीन’ किंवा ‘हॅज बीन’ आणि पुढे ‘-इंग’. ‘द ऑइल हॅज बीन लीकिंग सिन्स लास्ट वीक.’ ‘आय हॅव बीन टीचिंग फॉर ट्वेंटी-सिक्स इयर्स.’ ‘सिन्स’ की ‘फॉर’, याचा गोंधळ होतो कारण मराठीत ‘सोमवारपासून’ही चालतं आणि ‘पाच वर्षांपासून’ही. कालनिर्णयवर ज्या तारखेला पेनने गोल करता येतो, ती ‘सिन्स’. पानं उलटून मोजावं लागतं, ते ‘फॉर’. सोमवारला गोल करता येतो, पाच वर्षांना येत नाही.

चालू वर्तमानकाळाबद्दल तुम्हाला फार सांगायची गरज नाही, कारण ‘गळतो’ आणि ‘गळतोय’ यांतला फरक तुम्हाला जन्मापासून कळतो. ‘द पंप लीक्स’ म्हणजे पंप गळतो, त्याचा तो दोषच आहे. ‘द पंप इज लीकिंग’ म्हणजे पंप आत्ता गळतोय, बादली आणा. कस्टमरला यातलं कुठलं लिहिताय यावर तो पंप परत पाठवायचा की वॉशर बदलायचा, हे ठरू शकतं. फक्त मनातल्या आणि मालकीच्या गोष्टींना ‘-इंग’ लावू नका. ‘मला समजतंय’ म्हणजे ‘आय अंडरस्टँड’, ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ नव्हे. नो, वाँट, नीड, बिलाँग आणि मालकीचा ‘हॅव’ याच पंगतीतले. ‘वुई आर हॅविंग टू मशीन्स’ वाचून कस्टमर हसणार नाही कदाचित, पण थबकेल.

प्रश्न विचारताना मात्र एक गोष्ट कटाक्षाने पाळा. ‘डिड यू रिसीव्ह्ड माय मेल?’ असं तुम्ही दोनदा लिहिलंय. वाक्यात भूतकाळाचं ओझं एकानेच उचलायचं असतं. ‘डिड’ने ते उचललं की क्रियापदाने मोकळं व्हायचं: ‘डिड यू रिसीव्ह’. ‘डिड नॉट’चंही तसंच: ‘डिड नॉट वर्क’.

भविष्यकाळात आपण उगाच ‘शॅल’ आणि ‘विल’मध्ये अडकतो. ‘आय’ आणि ‘वुई’ला ‘शॅल’, बाकी सगळ्यांना ‘विल’, हा शाळेत घोटलेला नियम जॉन वॉलिस नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात सापडतो. अनंताचं आडवं आठसारखं चिन्हही त्याचंच. चिन्ह ठेवू, नियम सोडून देऊ. आज बोलताना, मेलमध्ये सगळीकडे ‘विल’ चालतो. ‘शॅल आय कॉल यू?’ असं विचारताना तेवढा ‘शॅल’ ठेवा.

खरा फरक दुसरीकडे आहे, आणि तिथे मराठी तुमच्या बाजूला आहे. ‘मी उद्या पुण्याला जाणार आहे’, आधी ठरलेलं: ‘आय ॲम गोइंग टू पुणे टुमॉरो.’ ‘थांबा, मी करतो त्यांना फोन’, आत्ता बोलताबोलता ठरलेलं: ‘आय विल कॉल देम.’ आपला हा ‘करतो’ दिसायला वर्तमानकाळ असतो, म्हणून पुष्कळ जण ‘आय कॉल देम’ म्हणून मोकळे होतात आणि समोरच्याला वाटतं हा रोजच फोन करतो. आईने हाक मारल्यावर जागचं न हलता ‘आलो, आलो!’ ओरडणारी जमात आपली. काळाच्या बाबतीत आपण मुळातच उदार आहोत. बस ‘सहाला सुटते’ म्हणताना मात्र दोन्ही भाषा एकच: ‘द बस लीव्ह्ज ॲट सिक्स.’ आणि ‘जेव्हा ते येतील तेव्हा’ याचं ‘व्हेन दे विल कम’ करू नका. ‘व्हेन’ आणि ‘इफ’च्या पाठोपाठ ‘विल’ नको: ‘व्हेन दे कम, वुई विल स्टार्ट द ट्रायल.’ ‘पाऊस आला तर’मध्ये आपण भूतकाळ वापरतो, ते वापरतात वर्तमान: ‘इफ इट रेन्स’.

फ्युचर परफेक्ट कंटिन्युअसला हात लावू नका. इतक्या वर्षांत मला त्याची गरज तक्ता शिकवतानाच पडली.

उच्चाराचं तुम्ही विचारलं नाहीत, पण फोनवर बोलता म्हणून सांगते. ‘स्टॉप्ड’ लिहायचं, म्हणायचं ‘स्टॉप्ट’. शेवटी प, क, फ, स, श, च यांचा आवाज असेल तर ‘-ईडी’चा ट होतो: वर्क्ट, चेक्ट, फिनिश्ट. शेवटी ट किंवा ड असेल तर ‘इड’: टेस्टिड, लोडिड. इतर वेळी ड. ‘वर्केड’ आणि ‘स्टॉपेड’ मी रोज ऐकते, आणि ते ऐकणाऱ्याला खटकतं.

तुमच्या कालच्या शिफ्टच्या रिपोर्टमधली पाच वाक्यं घेऊ. तुम्ही मराठीत असं सांगाल: काल रात्री दोन वाजता मशीन बंद पडलं होतं. आम्ही पंप बदलला आहे. आता मशीन चालू आहे. गेल्या आठवड्यापासून ऑइल गळतंय. उद्या मेंटेनन्सवाले येणार आहेत.

पहिलं वाक्य: वेळ सांगितलाय, ‘कशाच्या आधी’ला उत्तर नाही, साधा भूतकाळ. ‘द मशीन स्टॉप्ड ॲट टू एएम यस्टर्डे.’ दुसरं: वेळ नाही, नवा पंप डोळ्यांसमोर आहे. ‘वुई हॅव रिप्लेस्ड द पंप.’ तिसरं: आत्ताचं. ‘द मशीन इज रनिंग नाऊ.’ चौथं: मागे सुरू, अजून चालू, कधीपासून तेही दिलंय. ‘ऑइल हॅज बीन लीकिंग सिन्स लास्ट वीक.’ पाचवं: ठरलेलं. ‘द मेंटेनन्स टीम इज कमिंग टुमॉरो.’ बारापैकी चार घरं लागली, कारण तिसऱ्या आणि पाचव्या, ‘इज’वाल्या वाक्यांचं घर एकच आहे. शिफ्टचा रिपोर्ट बहुतेक वेळा याच चारांत बसतो. ‘हॅड’ची वेळ एखादेच दिवशी येईल, म्हणजे असं काहीतरी झालं तर: ‘व्हेन द टीम केम, वुई हॅड ऑलरेडी रिप्लेस्ड द पंप.’ टीम यायच्या आधी.

आता क्लास. माझा स्वतःचा क्लास असून सांगते, तुम्ही लावू नका, निदान पुढचे दोन महिने तरी नको. रोजचा रिपोर्ट आधी मराठीत पाच ओळींत लिहा, जसा मनात येतो तसा, ‘होतं’, ‘आहे’, ‘पासून’ सगळ्यांसकट. या तीन शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारा. मग इंग्रजी करा आणि रेघ मारलेल्या जागी थांबून वरचे प्रश्न विचारा. पहिला आठवडा अर्धा तास जाईल, नंतर पाच मिनिटं. आणि त्या कस्टमरला उत्तर द्यायचं अजून राहिलं असेल तर एवढंच लिहा: ‘सॉरी, द मशीन स्टॉप्ड यस्टर्डे. इट इज रनिंग नाऊ.’